पुंगळीवरचं वंगण

"रविवारी तू पुढं बसू नको, रेखा. तेवढंच सांगायला फोन केला."

रेखानं फोन खांदा आणि कान यांच्यात चेपून धरला होता. दोन्ही हात मनगटाच्या वरपर्यंत वंगणानं बरबटलेले. समोर गरम पाण्याचा टब, टबात बंदुकीच्या गोळ्यांच्या पितळी पुंगळ्या बुडालेल्या. अशा वेळी फोन घ्यायचाच कशाला? पण पुरुषोत्तमदादाचा नंबर दिसला आणि तिला वाटलं, बिचारा खिरीचं विचारत असेल.

"पुढं बसू नको म्हणजे?"

"पुण्यानुमोदन ठरल्याप्रमाणंच होईल. रामभाऊकाकांचा फोटो मधोमध ठेवू. खीर तुझ्याच हातची. फक्त पंचशील मी देतो. तू मागं बस, मैत्रीजवळ."

"बाप माझा गेला, दादा. तुमचा नाही."

"चिडू नको ना. ऐकून घे. लोक विचारून राहिले. दर रविवारी आपण पोरांना सम्यक आजीविका शिकवतो. कोणते पाच धंदे करू नये, त्यात पहिलाच हत्यारांचा. आणि त्याच पोरांसमोर पंचशील द्यायला कोण, तर आठवडाभर काडतुसं हाताळणारी बाई. एप्रिलात त्या कॉलेजात गोळीबारात एवढी पोरं मेली, रेखा. पॅरेंट्सना मी काय सांगू?"

"काडतुसं नाही. रिकाम्या पुंगळ्या."

"तेच ते."

"तेच ते नाही!" रेखा एवढ्या जोरानं ओरडली की दुकानाच्या पुढच्या भागातून मालकानं, डेलनं, मान वळवून पाहिलं. खांदा हलला, फोन निसटला आणि सरळ टबात गेला. साबणाच्या पाण्यात त्याचा हिरवा दिवा लुकलुकला आणि विझला.

"मर," रेखा म्हणाली. कोणाला म्हणाली ते तिचं तिलाच ठाऊक.

डेल परत कामाला लागला. सत्तरीचा माणूस, पोट पुढं आलेलं, दाढी पांढरी, बोलणं मोजकं. नोव्हाय शहराच्या पश्चिमेला मॉल आणि एकसारखी घरं संपून मक्याची शेतं सुरू होतात तिथं त्याचं दुकान. नोव्हेंबरात मिशिगनमध्ये हरणांच्या शिकारीचा सीझन लागतो, त्याच्या आधी महिनाभर शिकारी लोक आपापल्या झाडलेल्या पुंगळ्या डबे भरभरून आणून टाकतात. त्या पुन्हा भरून द्यायच्या, हा डेलचा धंदा. गोळी झाडली की पुंगळी फुगते. ती मापात आणायला पोलादी साच्यात घालून दाबावी लागते आणि साच्यात अडकू नये म्हणून आधी तिला वंगण चोपडतात. दाबायचं काम डेलचं, भरायचं कामही त्याचंच. मधलं, म्हणजे ते वंगण काढायचं काम रेखाचं.

ऐकायला किती सोपं! वंगण काढायचं. पण ते काय तव्यावरचं तेल आहे? मेणासारखं चिवट. पुंगळीच्या आत थेंबभर राहिलं तर बारूद खराब होते आणि ऐन वेळी गोळी सुटत नाही. बाहेर राहिलं तर त्याहून वाईट. बार झाला की पुंगळीनं बंदुकीच्या आतल्या भिंतीला घट्ट धरायला हवं, ती वंगणामुळं निसटते आणि मागच्या खटक्यावर दणका देते. मग खटका आहे आणि शिकाऱ्याचं तोंड आहे. म्हणून आधी कडक पाणी आणि भांड्याचा साबण, मग दोनदा साधं पाणी, मग जुन्या टॉवेलांवर वाळवण, आणि शेवटी मक्याच्या दाणे काढलेल्या बुरकुंडांचा भुसा भरलेल्या ड्रममध्ये घोळवण. एवढं झाल्यावर रेखा मुठीतली एखादी पुंगळी अंगठ्यानं घासून बघायची. अंगठा घसरला तर परत टबात. कच्चकन वाजला तर झालं.

हे सगळं ती पहिल्या आठवड्यात एका फटक्यात शिकली होती. पितळ म्हटल्यावर चिंच, हे नागपूरच्या बाईच्या हाडात बसलेलं. साबणानं वंगण गेलं तरी चकाकी नाही, म्हणून तिनं आपल्या अकलेनं घरून चिंचेचा कोळ नेला आणि पूर्ण टब त्यात भिजत घालून घरी आली. सकाळी बघते तर पुंगळ्या पाटलीणबाईसारख्या गुलाबी! तिला वाटलं, डेल खूश होईल. डेलनं एक उचलली, उजेडात फिरवली आणि टबच्या टब भंगारात ओतला. पितळातलं जस्त आंबटानं खाल्लं, आता ह्या फुटतील, म्हणाला. नोकरी गेलीच, असं समजून रेखा पर्स उचलायला लागली, तर म्हणाला, "साबण, रे. फक्त साबण." 'रेखा' त्याला झेपत नव्हतं, म्हणून 'रे'.

आणि नोकरी तरी कशी मिळाली होती? नवरा अनिल गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर. गेल्या वर्षी लेऑफ झाला. आता टेक्सासमध्ये काँट्रॅक्टवर, दोन महिन्यांतून एकदा घरी. ग्रीनकार्ड हातात होतं म्हणून रेखानं कामासाठी नोव्हायमधली एकूण एक दुकानं पालथी घातली. ग्रोसरीवाला म्हणाला, बघू. डे-केअरवाली म्हणाली, सर्टिफिकेट आणा. पुरुषोत्तमदादा, ज्याच्या ओळखीनं अनिल ह्या देशात आला, जो रेखाच्याच कॉलनीतला, तिच्या बापाच्या मांडीवर खेळलेला, तोही म्हणाला, "आय विल कीप माय आइज ओपन." डोळे उघडे ठेवले त्यानं! आता ते उघडे डोळे तिच्या हातांवर येऊन थांबले होते.

रेखानं रागारागानं फोन टबातून काढून टॉवेलावर आपटला. आणि सगळ्यात जास्त राग कशाचा, तर त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं ह्याचा. एप्रिलात ती बातमी आली त्या दिवशी ती ह्याच टबापाशी उभी होती. "माझ्याकडे फक्त हरणवाले येतात, रे," डेल म्हणाला होता. ती मान हलवून पुढची पुंगळी धुवायला लागली होती. पण त्या रात्री जेवण गेलं नव्हतं. हे दादाला कोण सांगणार? तो तर तेच ते म्हणून मोकळा.

*

"आई, यू स्मेल लाइक पेनीज," मैत्री म्हणाली. पंधरा वर्षांची, सोफ्यावर पाय वर घेऊन बसलेली.

"चिल्लरचा कसला वास? तीनदा हात धुतले."

"स्टिल."

रेखानं जेवताना पुरुषोत्तमदादाचं सांगितलं. सांगता सांगता भाकरीचे असे तुकडे केले की त्यांचा काला झाला.

"सो डोन्ट गो," मैत्री म्हणाली. "आबांसाठी घरीच करू. यू अँड मी."

"का म्हणून घरी? चोरी केली मी?"

टेक्सासहून अनिलचा लँडलाइनवर फोन आला, मोबाइल का लागत नाही म्हणून. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "जाऊ दे ना यार. बस ना मागं. बाबांना आता काय फरक पडतो?" रेखानं रिसीव्हर असा आपटला की भिंतीवरचं कॅलेंडर तिरकं झालं. फरक कसा नाही पडत? तीन आठवड्यांपूर्वी बाबा गेले तेव्हा ती इथं होती. उन्हाळ्यात महिना-दीड महिना त्यांच्या उशाशी राहून आली होती, त्यामुळं लगेच पुन्हा रजा नाही. भावानं फोन भिंतीला टेकवून ठेवला आणि तिनं बापाच्या शेवटच्या वंदनेचा नुसता आवाज ऐकला, तोही तुटक. आता एवढंच उरलं होतं तिच्या हातात. त्यांचा फोटो समोर ठेवून त्यांनीच शिकवलेलं पंचशील आपल्या तोंडानं द्यायचं. तेही नको म्हणे!

फोटो टेबलावर होता. रामभाऊ, पांढरा सदरा, वरचं बटण लावलेलं, कानाशी थोडे केस. नागपूरजवळच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत ते लेथवर होते. तोफेच्या गोळ्यांची पितळी नळकांडी तासायचे. उभी हयात तिथं गेली. घर फॅक्टरीचं, शाळा फॅक्टरीची, दवाखाना फॅक्टरीचा. कॉलनीतला विहारही फॅक्टरीच्याच माणसांनी सुट्टीच्या दिवशी विटा वाहून बांधला आणि त्यात रामभाऊ सगळ्यांच्या पुढे. संध्याकाळी घरी आले की आधी मोरीत. लाकडाचा भुसा आणि धुण्याचा सोडा घेऊन हातावरचं तेल काढत बसायचे, आई ओरडेपर्यंत. हाताला तेलाचा वास असेल तोवर बुद्धापुढं मेणबत्ती लावायची नाही.

आणि तो खोकला! आठवून रेखाला एवढ्या रागातही हसू आलं.

रविवारी विहारात सगळी पुरुषमंडळी पुढं बसायची. पंचशील सुरू व्हायचं. पहिलं शील, पाणातिपाता, म्हणजे जीवहत्येपासून मी दूर राहीन. तो शब्द झाला की रामभाऊंना हमखास खोकला. मग शेजारच्या माणसाला. मग त्याच्या शेजारच्याला. पुरुषोत्तमदादाचे वडील तर गोळ्यांत बारूद भरायच्या खात्यात होते, ते दोनदा खोकायचे, एकदा छोटं आणि एकदा मोठं. ते झालं की शीलाचा उरलेला भाग सगळे घाईघाईनं म्हणून टाकायचे. लहान रेखाला वाटायचं, हे असंच असतं. कॉलनीतल्या सगळ्याच पोरांना वाटायचं. पाणातिपाता, खोकला, मग पुढचं. एकदा मामाच्या गावी विहारात तिनं अगदी मनापासून बरोबर जागी खोकून दाखवलं, तर मामेबहिणीनं असा चिमटा काढला की हातावर वळ उठला.

घरी येऊन तिनं विचारलं होतं, "बाबा, तिथं खोकायचं नसतं?"

"नाही गं," बाबा म्हणाले होते. "फॅक्टरीची धूळ आहे घशात."

पुढच्या रविवारी ते पुन्हा तिथंच खोकले. रेखानंही पुढं मैत्रीला पंचशील शिकवलं ते गाडीत, प्री-स्कूलला नेता-आणताना, जसं आपल्याला आलं तसं. त्यात शिकवण्यासारखं काय होतं, पोरीनं ऐकून ऐकून उचललं.

रेखानं फोटोची काच पदरानं पुसली. "मी जाणार," ती म्हणाली. "आणि पुढंच बसणार."

मैत्रीनं टीव्हीचा आवाज कमी केला. "ओके. मी पण येते."

*

पुरुषोत्तमदादाच्या घराचं तळघर म्हणजे नोव्हायचा विहार. खाली गालिचा, समोर टेबलावर पांढरं कापड, त्यावर बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो. लोक यायला अजून वेळ होता. रेखा खिरीचं पातेलं घेऊन वर स्वयंपाकघरात शिरली. मैत्री आबांचा फोटो घेऊन खाली गेली.

दादाची बायको सुवर्णा सिंकपाशी हैराण होऊन उभी होती. "बरं झालं लवकर आलीस. बघ ना गं ही फुलदाणी. मेण आणि उदबत्तीचा चिकट थर बसला होता, म्हणून रात्रभर चिंचेत ठेवली, तर हे असे गुलाबी डाग. आणि चिकट ते चिकटच. आता फुलं कशात ठेवू?"

रेखानं फुलदाणी हातात घेतली. कोपरापासून मनगटाएवढी उंच, वरचं तोंड बाहेर वळवलेलं, अंगावर पिंपळाची तीन पानं कोरलेली. तिला ओळख पटवायची गरज नव्हती. फॅक्टरीतल्या भंगाराच्या लिलावात बाद नळकांडी निघायची, ती आणून रामभाऊ रविवारच्या रविवार त्यांच्या फुलदाण्या करायचे. कॉलनीत घरटी एक होती. पुरुषोत्तम अमेरिकेला निघाला तेव्हा ही त्यांनीच त्याच्या बॅगेत कोंबली होती. "साबण दे, वहिनी," रेखा म्हणाली. "आणि कडक पाणी."

सुवर्णा हार आणायला गेली. रेखानं पदर खोचला. आठवडाभर जे केलं तेच केलं. पाणी, साबण, पुन्हा पाणी. कापड बोटाला गुंडाळून पानांच्या रेघांतून फिरवलं. तळाशी जुना काळपट थर होता, तोही निघाला आणि त्याखालून फॅक्टरीचा शिक्का आणि आकडे वर आले. तिनं अंगठा फिरवला. कच्चकन वाजला.

"झाली का? दे इकडं," मागून आवाज आला. पुरुषोत्तमदादा. पांढरा कुडता, चष्मा, हातात शेवंतीचा गुच्छ.

रेखानं दिली नाही. "दादा, हे काय आहे?"

"काय काय आहे? फुलदाणी."

तिनं ती उलटी केली आणि शिक्का त्याच्या चष्म्यासमोर धरला. "वाचा."

"मला माहीत आहे ते काय आहे, रेखा. तमाशा नको करू."

"तोफेच्या गोळ्याचं नळकांडं आहे. हे बुद्धापुढं चालतं? आणि मी नाही चालत?"

"ते रिकामं आहे. त्यात फुलं असतात आता."

"माझ्याही रिकाम्याच असतात."

"तुझ्या परत भरतात!" दादाचा आवाज चढला. "हा फरक आहे! तू धुऊन दिलेलं संध्याकाळी भरतात आणि उद्या कोणीतरी झाडतो. मी रात्ररात्र विचार केला आहे ह्याचा. मला काय हौस आहे तुला मागं बसवायची?"

हे तिच्या जिव्हारी लागलं. बरोबर होतं ना! म्हणूनच लागलं. पण बरोबर बोलणाऱ्याचा राग येत नाही, असं थोडंच आहे?

"आणि बाबा?" ती म्हणाली. "ते काय फुलदाण्या करायला जायचे फॅक्टरीत?"

"काकांची गोष्ट वेगळी. ते सरकारी काम होतं. देशाचं होतं. पोटाचं होतं."

"आणि माझं काय आहे? नाचगाणं? अनिल घरी बसला तेव्हा किती फोन केले मी तुम्हाला? डोळे उघडे ठेवतो म्हणाले! तेव्हा सम्यक आजीविका नाही आठवली, की हिला आपल्या ऑफिसात कुठं चिकटवावं? पोटाचं म्हणे! तुमचं शिक्षण त्याच पगारावर झालं, माझं त्याच पगारावर झालं. माझ्या पुंगळ्यांनी हरणं मरतात, दादा. बाबाच्या गोळ्यांनी कोण मेलं? कधी विचारलं तुम्ही? मी तरी विचारलं?"

बोलून गेली आणि थबकली. एवढ्या वर्षांत हे वाक्य तिच्या मनातही आलं नव्हतं. बापाच्याच पुण्यानुमोदनाला, त्यानंच घडवलेलं भांडं हातात धरून हे काय बोलली ती? फुलदाणीचं पाणी कोपरावरून ओघळून साडीत जात होतं. आणि त्याच क्षणी तिला ते कळलं. धूळ नव्हती. कधीच नव्हती.

"त्यांना माहीत होतं," ती हळू म्हणाली. "म्हणून खोकायचे. पाणातिपाता म्हटलं की पुढचं घशातनं उतरायचं नाही त्यांना. सगळ्यांनाच. अख्खी लाइन खोकायची, आणि आपण पोरं समजलो की ते शीलातच आहे."

दादाच्या हातातल्या शेवंतीच्या दोन पाकळ्या फरशीवर पडल्या.

"तुम्हीपण खोकता," रेखा म्हणाली. "दर रविवारी. बारा वर्षं ऐकते मी."

"ती ॲलर्जी आहे."

"हो का?"

"डॉक्टरनं सांगितलं आहे. पोलन." त्यानं चष्मा काढला, कुडत्याला पुसला, परत घातला. "लोक यायला लागले. पंचशील मीच देणार, रेखा. विषय संपला." फुलदाणी तिच्या हातातून ओढून घेऊन तो जिना उतरून गेला.

रेखा सिंकपाशी उभी राहिली. कोणाकोणाचा राग येत होता, त्याची गणतीच नाही. दादाचा, अनिलचा, डेलचा, त्या बंदूक चालवणाऱ्या पोराचा. आणि बाबांचाही. एकदा तरी सांगायचं होतं ना, बाबा! मी विचारलं तेव्हा सांगायचं होतं. धूळ धूळ करून गप्प बसवलं मला. तिनं पुन्हा एकदा हात धुतले आणि हुंगून पाहिले. पितळाचा वास तसाच होता. मग तिनं ते नुसतेच पुसले आणि खाली गेली.

तळघर भरलं होतं. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला, पोरं मध्ये पेंगत. टेबलावर आबांचा फोटो, शेजारी फुलदाणी, तिच्यात शेवंती. धुतल्यामुळं पितळ पिवळंधमक झालं होतं, फक्त बुडाशी एक गुलाबी डाग तेवढा राहिला होता. मैत्री पहिल्या रांगेच्या मागं बसली होती. तिनं आईसाठी शेजारी जागा धरली होती. सगळ्यांच्या पुढं एकच आसन, त्यावर पुरुषोत्तमदादा, डोळे मिटलेले, हात जोडलेले.

रेखा मैत्रीच्या शेजारून पुढं निघून गेली. बायकांत कुजबुज झाली. "रेखा, इकडं आहे जागा," कोणीतरी म्हणालं. ती थांबली नाही. दादाच्या आसनाच्या शेजारी, नुसत्या गालिच्यावर, बापाच्या फोटोसमोर ती गुडघे टेकून बसली. दादानं डोळे उघडले आणि तिच्याकडे पाहिलं. त्यानं तोंड उघडायच्या आत तिनं हात जोडले आणि वंदना सुरू केली.

आता काय करणार? एकदा वंदना सुरू झाली की मध्ये बोलायचं नाही, हे लहान पोरालाही माहीत असतं. उठायचं नाही, अडवायचं नाही. सांगणाऱ्यानं सांगितलं की बाकीच्यांनी मागून म्हणायचं. मग मागून एक कोवळा आवाज आला, मैत्रीचा. मग सुवर्णाचा. मग सगळ्यांचा. दादाचा सगळ्यात शेवटी, अगदी हलका. बुद्ध, धम्म, संघ, तीन सरणं झाली.

पहिलं शील आलं.

"पाणातिपाता," रेखा म्हणाली आणि घशात ते आलं. लहानपणापासून येत होतं तसं, आपोआप. फोटोतले बाबा तिच्याकडे बघत होते, वरचं बटण लावून. उद्या सोमवार होता. उद्या पुन्हा टब होता, साबण होता, दोन डबे पुंगळ्या वाट बघत होत्या. तिला ते ठाऊक होतं. तिनं खोकला गिळला आणि उरलेलं शील मोठ्यानं, एकेक शब्द स्वच्छ म्हणून पूर्ण केलं. तिचा आवाज रागानं थरथरत होता, पण तुटला नाही.

मागून सगळ्यांनी म्हणायला सुरुवात केली. "पाणातिपाता," म्हणून झालं आणि मैत्री खोकली. बरोबर त्याच जागी, छोटंसं, शिकवल्यासारखं.

कोणीतरी पोर खुदकन हसलं. रेखानं मान वळवली नाही.

आणि मग तिच्या अगदी शेजारी पुरुषोत्तमदादा खोकला. एकदा छोटं. थोडा वेळ गेला. एकदा मोठं. त्यानंतर त्याला शीलाचा पुढचा भाग म्हणता आला नाही. बाकीच्यांनीच तो म्हटला.

रेखा त्याच्यासाठी जरा थांबली. मग तिनं दुसरं शील सुरू केलं.